सायबानू, पाठी कोण लागलो?

सिंधुदुर्गनगरीत पहाटे दोन जातींची माणसं धावतात. पहिली विशी-बाविशीतली, पोलीस भरतीवाली. त्यांच्या लेखी धावणं म्हणजे रोखठोक हिशेब. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० एकट्या १६०० मीटरचे. ते सगळे पदरात पाडायचे तर अंतर ५ मिनिटं १० सेकंदांत कापायचं, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरनं पळायचं. मुलींना ८०० मीटर, २ मिनिटं ५० सेकंद. दोन-चार सेकंदांनी नोकरी हुकू शकते, तिथं आवडीनिवडीला विचारतो कोण?

दुसरी जात चाळिशीपुढची. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, पुढं इथं ओरोसच्या माळावर सरकारी कचेऱ्या आल्या. त्या कचेऱ्यांतल्या खुर्च्यांनी या मंडळींना इथं आणलं आणि बहुतेक त्याच खुर्च्यांनी त्यांची साखरही वाढवली. डॉक्टर म्हणाले म्हणून ती धावतात. एरवी त्यांनी पहाटेचा गारवा चादरीतच अनुभवला असता.

लेखा शाखेतला असा एक पंचेचाळिशीचा गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. नव्या बुटांनिशी बाहेर पडतो, बाजूनं भरतीची पोरं सुसाट जातात आणि याचा वेग नकळत वाढतो. पुढच्या वळणावर हात गुडघ्यांवर. चहाच्या टपरीवरून विचारणा होतेच, ‘‘सायबानू, पाठी कोण लागलो?’’ उत्तर द्यायला श्वास शिल्लक नसतो. नवख्याची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. शरीर सगळं एकाच गतीनं तयार होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, दम टिकतो. हाडं आणि स्नायुबंध मात्र महिनोन्‌महिने मागं रेंगाळतात. दम आला म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि नडगी ठणकायला लागते.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डची गोष्ट अशा गृहस्थाला सांगायला हवी. हा बुटांच्या कारखान्यातला कामगार, रग्बी खेळलेला, स्वतःला धडधाकट समजणारा. एका ओळखीच्या धावपटूनं त्याला पाचेक मैल पळवलं आणि त्याचा पार जीव गेला. मग त्यानं वर्षानुवर्षं स्वतःवरच प्रयोग केले आणि पाया घातला तो आरामाच्या गतीनं केलेल्या लांब धावण्यांचा. त्याचा शिष्य पीटर स्नेल ८०० मीटरवाला. तरी त्याला आठवड्याला शंभर मैल धावायला लावलं. स्नेलनं १९६० आणि १९६४ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण नेलं. लिडियार्डनं ऑकलंडमध्ये हृदयविकार झालेल्या प्रौढांनाही हळूहळू पळायला शिकवलं. अमेरिकेचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथं पाहुणे म्हणून गेले, तेव्हा हृदयविकाराचे झटके पचवलेल्या सत्तरीपलीकडच्या एका आजोबांनी त्यांना धावताना मागं टाकलं. लेखा शाखेला याहून दिलासादायक कागद मिळणार नाही.

किती हळू? सोबत्याशी सबंध वाक्य बोलता येईल इतकं. मालवणी माणसाला ही कसोटी सोयीचीच. गप्प राहून धावणं त्याला तसंही अवघड. घड्याळाचा भरवसा इथं कमीच. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी दमट असते की घाम नुसता ओघळतो, सुकत नाही. आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. हृदयाला पायांसोबत कातडीकडंही जास्त रक्त पाठवावं लागतं, त्यामुळं जानेवारीतलाच वेग मेमध्ये जास्त ठोके मागतो. त्याला प्रकृती खालावली समजून जोर लावणं हा शुद्ध वेडेपणा.

नाखुशी जात नाही, हेही सांगून टाकावं. ‘एकदा गोडी लागली की सुटत नाही’ असं म्हणणाऱ्यांना ती लागलेली असते. साठी ओलांडलेल्या लता भगवान करे बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, त्या नवऱ्याच्या उपचारांसाठी बक्षिसाची रक्कम हवी होती म्हणून. छंद नव्हता तो.

जूनमध्ये पाऊस धरला की जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं आणि सरावात खंड पडतो. दोन-तीन आठवड्यांत कमावलेला दम उतरू लागतो, तरी सगळं बुडत नाही. चतुर्थीचे मोदक झाल्यावर पुन्हा निघताना वैशाखातल्या अंतराचा हट्ट धरला नाही की झालं.

आणि ती सुसाट पोरं? निवड झाली की त्यांचा हिशेब मिटतो. पुढं बंदोबस्त, रात्रपाळी, अवेळी जेवण. तिशी ओलांडलेल्या पोलिसानं वजन आटोक्यात ठेवलं तर त्याला दरमहा २५० रुपये तंदुरुस्ती भत्ता देण्याची तरतूद राज्य सरकारनं करून ठेवलीय. भरतीतली पोरं पुढं कोणत्या जातीत जाणार, याचा अंदाज गृहखात्याला असावा.