मागे खेळणारी मुलगी

आमच्या दुकानात दोन मशिनी आहेत. एकीवर हिचा हात, दुसरीवर ह्यांचा. शाळेचे गणवेश, बुरखे आणि रमजान जवळ आला की मुलांचे पठाणी, असा यवतमाळातला आमचा वीस वर्षांचा धंदा. खेळाशी संबंध म्हणाल तर शाळांच्या पी.टी.च्या पँटी शिवण्यापुरता. तरी आज आम्ही नवरा-बायको मिळून हॉकीवर लिहायला बसलो आहोत. ओळखीचे लोक हसतील, पण गेल्या सहा महिन्यांत आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

आमची धाकटी नववीत आहे. सातवीत असताना शाळेच्या सरांनी मुलींची हॉकीची टीम करायला घेतली तेव्हा उंच म्हणून हिला उभे केले. पळण्यात ही फारशी चपळ नाही. पण समोरून चेंडू जोरात आला की बाकीच्या मुली बाजूला होत आणि ही तिथेच उभी राही. म्हणून सरांनी तिला मागे टाकले, गोलकीपरच्या पुढे. जुने लोक या जागेला फुलबॅक म्हणतात, मुली आता डिफेंडर म्हणतात. आम्हाला वाटले, मागे उभे राहायचे म्हणजे सोपे काम असेल. लागणार नाही, थकणार नाही.

मागच्या डिसेंबरात एका सामन्यात मुरमाच्या मैदानावर चेंडू खड्यावर आपटून उसळला आणि तिच्या तोंडावर बसला. समोरचा दात अर्धा तुटला आणि ओठाला चार टाके पडले. घरी आली तेव्हा ओढणी रक्ताने भरलेली, आणि पहिले वाक्य काय, तर "अम्मी, गोल नाही होऊ दिला." आमच्यापैकी एकीला रडू आले आणि एकाला राग आला. दादीने काही न बोलता स्टिक उचलली आणि कपाटावर ठेवून दिली. त्या आठवड्यात जी जी बाई माप द्यायला दुकानात आली तिने विचारले, "आता हिच्या निकाहचं कसं?" चौदा वर्षांच्या मुलीचे! दात बसवता येतो हे कोणाला सुचले नाही.

महिनाभर स्टिक कपाटावरच राहिली. मुलीने मागितली नाही, भांडली नाही, फक्त जेवण कमी केले. आणि अशात सर घरी आले. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी निवड चाचणी आहे, हिला पाठवा म्हणाले. प्रबोधिनी शासनाची. राहणे, जेवण, शाळा, प्रशिक्षण सगळे शासनाच्या खर्चाने. म्हणजे खर्च नाही हे कारण आम्हाला सांगता येत नव्हते. आता खरे कारण सांगायची वेळ आली. खरे कारण भीती हे होते, आणि दोघांची भीती वेगवेगळी होती. एकीला वाटे, मुलगी सहाशे किलोमीटर लांब वसतिगृहात एकटी राहील. एकाला वाटे, ती खेळेल, पाच-सात वर्षे जातील आणि हाती काही लागणार नाही. ना शिक्षण पूर्ण, ना नोकरी.

कापड कापण्याआधी माप घेणे ही आमची सवय. तेव्हा आम्ही ठरवले की मागे खेळणाऱ्या मुलींचे पुढे काय झाले ते आधी पाहू. मोठा मुलगा फोनवर शोधून देई आणि रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही वाचत असू.

पहिलेच नाव निघाले निशा वारसीचे. हरियाणातल्या सोनीपतची मुलगी. बाप दर्जी! हे वाचून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पुढे बापाला अर्धांगवायू झाला, शिलाई सुटली आणि आईने फोमच्या कारखान्यात काम करून घर चालवले. निशा प्रीतम सिवाच यांच्याकडे शिकली, ज्या स्वतः २००२ च्या राष्ट्रकुल सुवर्णपदक विजेत्या संघात होत्या. तिला रेल्वेत नोकरी लागली. २०१९ मध्ये हिरोशिमाला ती भारताकडून पहिल्यांदा खेळली आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या संघात होती. दर्ज्याच्या घरात एका माणसाचा हात थांबला की काय होते ते आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. मशीन बंद, की चूल बंद. तरी त्या घराने मुलीला मैदानातून परत बोलावले नाही.

टोकियोचा तो उपांत्यपूर्व सामना आम्ही आता, इतक्या वर्षांनी पाहिला. २ ऑगस्ट २०२१, समोर ऑस्ट्रेलिया. २२ व्या मिनिटाला गुरजीत कौरने गोल केला, आणि गुरजीतही मुळात मागे खेळणारीच. सामना साठ मिनिटांचा. म्हणजे उरलेली ३८ मिनिटे भारताच्या मुली एक गोल छातीशी धरून उभ्या होत्या. पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलकीपर धरून फक्त पाच जणी गोलरेषेमागे थांबतात, तोंडावर मुखवटा चढवतात, आणि चेंडू आत आला की त्यातली एक सरळ मारणारीच्या अंगावर धावत जाते. चेंडू गोळीसारखा येतो आणि ही त्याच्या वाटेत! ते पाहताना आमची मुलगी म्हणाली, "हे माझं काम आहे." दादी पलंगावर तस्बीह घेऊन बसली होती. तिची बोटे थांबली. सामना १-० ने जिंकला. पुढे कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनकडून ४-३ ने हरून आपण चौथे आलो. पण ती ३८ मिनिटे आमच्या घरात अजून चालू आहेत, असे म्हटले तरी चालेल.

मग वाटले, हरियाणाचे ठीक आहे, तिथे गल्लीगल्लीत खेळाडू. आपल्याकडचे काय? तर साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या वाखरी गावची अक्षता आबासो ढेकळे सापडली, डिफेंडरच. एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोचेफस्ट्रूमला झालेल्या ज्युनियर विश्वचषकात ती होती. भारत तिथेही चौथा. तिच्याबरोबर फलटण भागातलीच वैष्णवी फाळके, आणि लखनौची मुमताज खान. मुमताजची आई भाजीची गाडी लावते. त्या स्पर्धेत मुमताजने आठ गोल केले. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला पाच-पाच जणींच्या हॉकीचा विश्वचषक झाला. भारताच्या दहा जणींच्या संघात अक्षता आणि मुमताज पुन्हा एकत्र होत्या, शिवाय साताऱ्याचीच ऋतुजा पिसळ. अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून २-७ असे हरलो, रौप्यपदक मिळाले. शेतातून आलेली, भाजीच्या गाडीवरून आलेली, अशा मुली परक्या मुलखात एका खोलीत राहतात, एका टेबलावर जेवतात. आमच्यातल्या एकीची भीती इथे थोडी कमी झाली. एकटी राहील, एकटी राहील म्हणून आम्ही घोकत होतो. एकटी कुठे?

दुसऱ्याची भीती पैशाची होती, ती इतक्यात जाणार नव्हती. २०२५ च्या जानेवारीत रांचीला मुलींची पहिली हॉकी इंडिया लीग झाली. अंतिम सामना २६ जानेवारीला. ओडिशा वॉरियर्सने सूरमा संघाला २-१ ने हरवले आणि दोन्ही गोल ऋतुजा पिसळचे. तिचे नाव सगळीकडे छापून आले, आनंदच आहे. पण आम्ही मागे खेळणाऱ्यांचे शोधत होतो. ते लिलावात सापडले. भारतीय मुलींमध्ये सर्वात जास्त बोली लागली उदिताला, ३२ लाख रुपये, आणि ती डिफेंडर. गोल न करणाऱ्या मुलीला सर्वात जास्त पैसे! हे वाचल्यावर मोठा मुलगा बहिणीला उठता-बसता "बत्तीस लाख" म्हणून हाक मारू लागला. आम्हाला तो विनोद आवडला नाही. कारण ३२ लाखांची एकच असते. आम्ही मुलीला समोर बसवून सांगितले की निशा, अक्षता, उदिता ही निवडल्या गेलेल्यांची नावे आहेत. न निवडल्या गेलेल्या हजारो मुली आहेत. कोणाचा गुडघा गेला, कोणाचे वय निघून गेले, त्यांच्याबद्दल कोणी छापत नाही. खरी मिळकत आहे ती नोकरीची. रेल्वे किंवा पोलीस, खेळाडूंच्या जागेवर. ती शांतपणे म्हणाली, "मग मी रेल्वेत लागेन." ज्या गावची शकुंतला बंद पडली, आणि नवी गाडी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंतच येऊन थांबली, त्या गावची मुलगी रेल्वेच्या नोकरीचे बोलते! हसलो आम्ही सगळेच. दादीसुद्धा.

मे महिन्यात एक गंमत झाली, तीही सांगून टाकतो. दुपारी बाहेर ऊन असे की मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका बसे. कूलरसमोर बसून मुलगी फोनवर बर्फावरची हॉकी पाहत होती. दादी म्हणाली, "बर्फावर? माणसं आहेत की काय!" माणसे कसली, बायका होत्या, आणि आपल्याच देशाच्या. लडाखच्या मुली हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर खेळायला शिकल्या. २०१६ मध्ये तैपेईला त्या पहिल्यांदा परदेशी संघांशी खेळल्या, तेही लोकांनी वर्गणी काढून पाठवले म्हणून. दुसऱ्या वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ ने हरवून पहिला विजय मिळवला, आणि २०२५ च्या जूनमध्ये अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकात कांस्यपदक आणले. या संघात गोल राखणारी लेहची नूरजहाँ आहे. ती नुसती खेळाडू नाही. आपल्या नात्यातल्या बहिणीला बरोबर घेऊन ती लडाखच्या बौद्ध मठांमधली शेकडो वर्षांची भिंतीवरची चित्रे जपून दुरुस्त करते. हे ऐकून दादी बराच वेळ गप्प होती.

बर्फावर मागे खेळणाऱ्या दोघीच असतात. समोरची अंगावर येत असताना त्यांना तिच्याकडे तोंड ठेवून उलटे, पाठीमागे सरकत जावे लागते. मुलगी म्हणाली, "आम्हीपण असंच मागे मागे जातो अब्बू, फक्त पायाखाली मुरूम." अमेरिका आणि कॅनडात या खेळाची बायकांची लीग जानेवारी २०२४ पासून सहा संघांची सुरू झाली. तिथे पहिल्या हंगामाला करारात किमान पगार वर्षाला ३५ हजार डॉलर लिहिलेला होता. म्हणजे सर्वात शेवटच्या मुलीलाही घर चालवता येईल एवढे. आपल्याकडे एकीला ३२ लाख, आणि शेवटच्या मुलीला काय, हे विचारायची सवय आपल्याला लागली पाहिजे, असे आमचे मत आहे.

त्याच दिवशी इराणचा संघ पाहिला. २०२३ मध्ये पहिल्यांदाच आशियाच्या स्पर्धेत उतरला आणि रौप्यपदक घेऊन गेला. हेल्मेटच्या खाली सगळ्यांचे डोके झाकलेले. दादी डोळे बारीक करून जवळ आली आणि म्हणाली, "ह्यांचं कोण शिवतं?" प्रश्न दादीचा, पण आम्ही दोघे दर्जी. दुसऱ्या दिवशी दुकानात ताणणारे होजियरी कापड आणले. हिजाबला पिना नकोत, कारण पिन टोचते आणि पडली तर चेंडूबरोबर मैदानात हरवते. म्हणून गळ्यापाशी जोड न देता एकाच तुकड्यात कापला आणि कडा लॉक मशीनवर मारल्या. पहिला नमुना कानावर आवळला. दुसऱ्यात घाम राही. तिसरा बसला. पूर्ण पायाची पँट आधी शिवली होतीच. आता संघातल्या आणखी दोन मुलींच्या आया माप देऊन गेल्या आहेत. पैसे नाही घेतले, पण मापाच्या वहीत नवे पान उघडले.

दात बसवला. दातांच्या डॉक्टरांनी साच्यावरून तोंडात घालायचे रबरी कवचही करून दिले. ते घातल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही, ही आमची पहिली अट. दहावी सोडायची नाही, ही दुसरी. तिसरी अट दादीची, रोज इशानंतर फोन करायचा. नमाजाचे आम्ही काही अट म्हणून सांगितले नाही. रमजानमध्ये ती सहरीनंतर फजर पढून मैदानावर जाई, धावणे सोडून फक्त स्टिकवर चेंडू धरण्याचा सराव करी आणि ऊन चढायच्या आत परत येई. ते तिचे तिने ठरवले होते.

चाचणीला अम्मी आणि ती अशा दोघी रात्रीच्या बसने पुण्याला गेल्या. अब्बू दुकानात, गणवेशांचे काम तोंडावर. तिथे मैदान निळे, सपाट, पाणी मारलेले. चेंडू उसळत नाही, सरपटत येतो. आमच्या मुलीची पहिली दहा मिनिटे वाया गेली, कारण ती उसळीची वाट पाहत खाली वाकतच नव्हती. तीन वेळा चेंडू स्टिकखालून गेला. मग तिने गुडघे वाकवले. त्यानंतर एक उंच मुलगी चेंडू घेऊन थेट तिच्यावर आली आणि ही मागे मागे सरकत तिला कोपऱ्याकडे घेऊन गेली, न झडप घालता, आणि शेवटी हळूच चेंडू काढून घेतला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहीत लिहिणाऱ्या माणसाने मान वर करून तिचा नंबर पाहिला, एवढे अम्मीने बघितले.

निकाल अजून लागलेला नाही, इन्शाअल्लाह लागेल. मुलगी रोज विचारत नाही, आम्हीच फोन पाहतो. काल दुपारी दादीने बुरख्याच्या निदा कापडाचा उरलेला पट्टा मागून घेतला आणि विचारले, "ती काठी किती इंच आहे?" साडेछत्तीस, असे सांगितले. डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून मशीनवर बसत नाही ती, हाताने टाके घालते. संध्याकाळपर्यंत स्टिकची पिशवी झाली, वरती नाडी ओवलेली. नाडीपाशी एक टाका सुटला आहे, तो आम्ही तसाच ठेवला.