अण्णांचा खरा रंग



मागच्या महिन्यात आमचा टीव्ही गेला. गेला म्हणजे आवाज चालू, चित्र गायब. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन दिवस मालिका रेडिओसारखी ऐकत बसल्या. मुलाने मोबाइलचा टॉर्च पडद्यावर धरला तर आत फिकट माणसं हलताना दिसली. दुरुस्तीवाला म्हणाला, "वहिनी, पडद्यामागच्या दिव्यांच्या पट्ट्या गेल्यात. बदलून देतो, पण अकरा वर्षांच्या सेटवर आता पैसे घालू नका."

मग दुकान. तिथे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच चित्रफीत: पोपट, समुद्र, कापलेलं कलिंगड. वर पांढऱ्याफेक ट्यूबलाइट. अशा उजेडात जो टीव्ही जास्त चमकतो तोच डोळ्यात भरतो, आणि माझ्याही भरला. ह्यांनी किंमत विचारली, मुलाने इंच विचारले, मी पोपट बघितला. ४३ इंची घेतला. बजेट तिशीच्या आसपास होतं, त्यामुळे ओएलईडी लांबूनच बघितला. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. छान आहे, पण तेवढ्यात आमच्या घराचं गिलावाकाम होईल.

आमच्याकडे टीव्हीवर सगळ्यात जास्त वेळा काय लागत असेल, तर एक पेनड्राइव्ह. २००६ च्या फेब्रुवारीत आम्ही सगळे श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला गेलो होतो. चुलत दिरांकडे तेव्हा नवा हँडीकॅम होता. चाळीस मिनिटांचं चित्रण आहे. गाडीतल्या दशम्या, बायकांचा गोंधळ, मग विंध्यगिरीच्या पायथ्याशी उन्हाने डोळे बारीक करून उभे असलेले अण्णा, आणि मग अभिषेक. दूध, उसाचा रस, हळद, चंदन; त्या ५७ फुटी मूर्तीचा रंग दर काही मिनिटांनी पालटत जातो. अण्णा २०१६ साली गेले. २०१८ च्या अभिषेकाला आईंचे गुडघे चढू देईनात, तो त्यांनी टीव्हीवरच बघितला. अण्णांचं हलतं-बोलतं असं आमच्याकडे एवढंच आहे.

संध्याकाळी सूर्यास्ताआधीची जेवणं आटोपून आम्ही नव्या टीव्हीसमोर बसलो. मुलाने पेनड्राइव्ह लावला. अण्णा आले.

आई म्हणाल्या, "हे कोण?"

अण्णांचा जन्म द्राक्षबागेत गेलेला. उन्हात रापलेला, चांगला सावळा माणूस. पडद्यावर शेंदूर फासल्यासारखा तांबडा, रुंद तोंडाचा कोणी उभा होता. पाठोपाठ आर्यिका माताजी दिसल्या, त्यांची पांढरी साडी नीळ जास्त झाल्यासारखी. मूर्तीचा पाषाण निळसर, आणि हळदीचा अभिषेक झेंडूसारखा केशरी. आई पाच मिनिटं बघत राहिल्या. मग, "लग्नाच्या अल्बममध्ये फोटोवाले गोरं करतात ना, तसं केलंय यांना," असं म्हणून आत गेल्या. रात्री टीव्हीबद्दल एक शब्द नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पोपट बघून टीव्ही मी निवडला होता.

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन लावला. तो पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करतो. हसला आणि म्हणाला, "मामी, टीव्ही दुकानातल्याच मोडवर आहे. बसवायला आलेल्याने व्हिव्हिड लावून दिला असेल." तसंच होतं. त्या मोडमध्ये निळा वाढवतात म्हणजे पांढरं 'जास्त पांढरं' दिसतं, लाल-हिरवे भडक करतात, कडा टोकदार करतात. दुकानात विकायला बरं. घरात माणसं बघायला नाही.

त्याने फोनवर एकेक करून घेतलं. पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर. कलर टेंपरेचर वॉर्म. शार्पनेस जवळजवळ तळाला. खोलीतला उजेड बघून आपोआप चित्र बदलणारा इको सेन्सर बंद. जुन्या चित्रणाला ४:३ ची चौकट, कारण २००६ चं चित्र कमी रुंद आहे आणि टीव्ही ते दोन्ही बाजूंनी ओढून पडदा भरतो. अण्णांचं तोंड रुंद झालं ते त्यामुळे. मग म्हणाला, "आता एखादा कृष्णधवल सिनेमा लाव. करडा रंग करडाच दिसला पाहिजे. निळा किंवा गुलाबी झाक दिसली तर अजून चुकतंय."

'श्यामची आई' लावला. १९५३ चा, त्यात रंगाची लबाडी करायला जागाच नाही. बघताना आमचा पहिला टीव्ही आठवला. त्या पडद्यापुढे माझ्या वडिलांनी निळ्या प्लास्टिकची काच अडकवली होती, रंगीत दिसावं म्हणून! तेव्हा आम्हाला ती श्रीमंती वाटायची.

खरं सांगू, वॉर्म लावल्यावर पहिल्यांदा मला सगळं पिवळट, मळकं वाटलं. ह्यांनी तर "जुनाच टीव्ही बरा होता की" म्हणून टाकलं. भाच्याने बजावलं होतं की दहा-पंधरा मिनिटं काही हलवू नका, डोळा सरावतो. सरावला. नंतर मुद्दाम व्हिव्हिड लावून बघितलं तर तोच निळा बर्फ वाटला.

पण आईंना बोलवायची हिंमत होईना. खरा रंग कोणता हे मी कोण ठरवणार? मी तर कालच फसले होते. आणि दुसरी एक अडचण होती. आईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं दिवाळीनंतर आहे. त्या स्वतः गंमत करतात, एक डोळा झाकून म्हणतात, "या डोळ्याने भिंत पांढरी, त्या डोळ्याने ताकासारखी." वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि ते बदललं की निळा रंग पुन्हा लख्ख दिसतो, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. मग टीव्ही कोणत्या डोळ्यासाठी लावायचा?

उपाय आईंनीच काढला. मी काय खटपट केली ते ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि एक साडी बाहेर काढली. डाळिंबी रंगाची सुती इरकल. चित्रणात अण्णांच्या शेजारी त्या हीच नेसून उभ्या आहेत. मी म्हटलं, "आई, एकोणीस वर्षांत विटली असेल." त्या म्हणाल्या, "घडीच्या आतला पदर कुठे विटतो?" आणि आतला पदर उलगडून पडद्याशेजारी धरायला लावला. मुलाने चित्र थांबवलं. आई एकदा पदराकडे, एकदा पडद्याकडे. "लाल जरा कमी कर." मुलाने दोन घरं कमी केला. "अजून एक." अगदी जुळला नाही, जुळणारही नाही. कॅमेऱ्यानेही आपला रंग घातलेला असतोच. पण शेजारी ठेवण्याइतका झाला.

मग अण्णा. आई बराच वेळ बघत होत्या. "हां," म्हणाल्या, "आता काळे दिसतात."

एवढं करूनही एक गोष्ट सेटिंगने सुटली नाही. आईंची कॉट खिडकीखाली, टीव्हीच्या एका बाजूला आहे. तिथून बघितलं की सगळे रंग धुतल्यासारखे पांढुरके. भाचा म्हणाला, पॅनेल व्हीए जातीचं आहे. समोरून त्याचा काळेपणा उत्तम, बाजूने मात्र रंग उडतो. आयपीएस घेतलं असतं तर काळा थोडा राखाडी दिसला असता, पण बाजूने रंग टिकला असता. हे दुकानात नुसतं दोन पावलं बाजूला सरकून बघितलं असतं तरी कळलं असतं! मी समोर उभी राहून पोपट बघत होते. खोका फोडलेला, दुकानदार परत घेईना. शेवटी कॉट हलवली. खिडकीखाली आता शिवणयंत्र आहे, आणि दुपारच्या उजेडात शिवायला ती जागा खरंच बरी आहे, पण ते कबूल करायला मला आठवडा लागला.

तुमच्यापैकी कोणी टीव्ही घ्यायला निघाली असेल तर पर्समध्ये आपला पेनड्राइव्ह टाका. त्यात घरच्या माणसांचे दिवसाच्या उजेडातले फोटो असू द्या, आणि साधा भाताच्या ताटाचा एक. कलिंगडाचा खरा रंग आपल्याला आठवत नसतो, नवऱ्याच्या कपाळाचा आठवतो. विक्रेत्याला सिनेमा मोड लावायला सांगा. तो "मॅडम, पिवळं दिसेल" म्हणेल, म्हणू दे. त्याच मोडवर पाच-दहा मिनिटं थांबा. जिथून बघणार आहात तसं बाजूला उभं राहून बघा. आणि घरी बसवायला माणूस येईल तेव्हा स्वयंपाकघरात चहा करत बसू नका.

आई आता रोज संध्याकाळी पाच मिनिटं तरी पेनड्राइव्ह लावायला सांगतात. काल डावा डोळा झाकून बघत होत्या, मग उजवा. म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याचं झालं की साडी परत काढू."

ती मी वरच्या कप्प्यात ठेवली आहे, पदर आत घालून.