उत्तर ठाऊक नसलेला तास

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या धर्मग्रामस्थांशी आमचा संबंध तुटलेला नाही. त्यांचे फोन येतात, नाताळच्या सुमारास काही कुटुंबे गावी येतात आणि मुलाबाळांच्या शिक्षणाची वार्ता आवर्जून सांगतात. मुलगा नामांकित विद्यापीठात असेल तर विद्यापीठाचे नाव पहिल्याच वाक्यात येते. मुलगी कम्युनिटी कॉलेजात असेल तर आवाज किंचित उतरतो आणि ‘सध्यापुरती’ हा शब्द हळूच जोडला जातो. या उतरलेल्या आवाजाविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे, घराजवळचे, अल्प शुल्काचे महाविद्यालय. त्याचे दार बहुधा सर्वांस उघडे असते. येथील दोन वर्षे पूर्ण करून कोणी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जातो, कोणी सरळ नोकरीस लागतो. अमेरिकेत अशी हजाराच्या आसपास महाविद्यालये आहेत आणि पदवीच्या वर्गांतील दर तीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तेथे शिकतो. दिवसा दुकानात काम करून सायंकाळी वर्गात बसणारा तरुण, लेकरू आजीकडे ठेवून आलेली आई, नुकताच देशात आलेला परका माणूस, असा हा विद्यार्थिवर्ग होय.

या संस्थेचा जन्म मोठा बोधप्रद आहे. शिकागोजवळील जोलिएट येथे १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले. तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे त्याचे प्रवर्तक. विद्यापीठाने उच्च अध्ययन व संशोधन करावे आणि पहिल्या दोन वर्षांच्या अध्यापनाचा भार इतरांनी वाहावा, अशी हार्पर यांची दृष्टी होती. म्हणजे ज्ञान निर्माण करणारे एकीकडे आणि ते वाटणारे दुसरीकडे, ही भिंत पायाभरणीच्या वेळीच उभी राहिली. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले, दारे अधिक रुंद केली. भिंत मात्र राहिली.

ती आता कशी ढासळू लागली आहे, हे आम्हांस एका मुलीकडून कळले. आमच्या धर्मग्रामातील एका आजींची ही नात. ती अमेरिकेहून आली तेव्हा आजी आम्हांला म्हणाल्या, “फादर, पोरीला मोठं कॉलेज मिळालं नाही हो. जवळच्याच एका कॉलेजात घातलीय.” मुलगी ओशाळली नाही. ती म्हणाली, “फादर, मी तीनदा माती नेली. काहीच सापडलं नाही. चौथ्या वेळी सापडलं.” काय सापडले, असे आम्ही विचारले. “एक विषाणू. आमच्या बाईंनासुद्धा आधी माहीत नव्हतं काय निघेल ते.”

तिचे हे शेवटचे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. तिने जे केले ते एका मोठ्या उपक्रमाचा भाग आहे. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने पिट्सबर्ग विद्यापीठातील शास्त्रज्ञ ग्रॅहॅम हॅटफुल यांच्या साहाय्याने २००८ साली तो सुरू केला. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी परिसरातील चमचाभर माती आणतात आणि जिवाणूंना मारून जगणारे विषाणू तिच्यात शोधतात. बशीत जिवाणूंचा दाट थर वाढवायचा, त्यात मातीचा गाळलेला अर्क मिसळायचा. विषाणू असेल तर त्या थरात स्वच्छ ठिपके पडतात. मग विद्यार्थ्याने त्या विषाणूस नाव द्यायचे आणि त्याच्या जनुकांचा अभ्यास करायचा. या उपक्रमात मोठी विद्यापीठे आणि कम्युनिटी कॉलेजे एकाच पंगतीस बसली आहेत.

अशा शोधाचे मोल काय, असे कोणी विचारील. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे २०१० साली एका विद्यार्थिनीने कुजलेल्या वांग्यावरून असाच एक विषाणू वेगळा केला आणि त्याचे नाव ‘मडी’, म्हणजे चिखलाळ, असे ठेवले. ती कम्युनिटी कॉलेजची नव्हती. परंतु तिचे काम याच जातीचे होते. पुढे इंग्लंडमधील एका पंधरा वर्षांच्या मुलीला फुप्फुसरोपणानंतर जिवाणूंचा असा संसर्ग झाला, की औषधे निष्प्रभ ठरली. हॅटफुल यांच्या संग्रहातील तीन विषाणू तिला देण्यात आले. त्यांत हा ‘मडी’ होता. तिची प्रकृती सुधारली व ती घरी परतली. हा वृत्तान्त २०१९ साली प्रसिद्ध झाला. वांगे उचलणाऱ्या विद्यार्थिनीस यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते.

हे केवळ विज्ञानाचेच आहे असे नव्हे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात १९८२ पासून एक अभिलेखागार आहे. शहराच्या महापौरांचे कागद तेथे आहेत आणि त्याच भागात कारखाना असलेल्या स्टाइनवे या पियानो कंपनीची दप्तरेही आहेत. महापौरांच्या जोडीला एका कारखान्याची दप्तरे जपणे, ही आम्हांस मोठी गोष्ट वाटते. ज्या गल्लीतून रोज चालत यायचे तिचाच इतिहास मूळ कागदांतून वाचता यावा, ही सोय पुष्कळ नामांकित संस्थांत नसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कम्युनिटी कॉलेजच्या प्राध्यापकास एका सत्रात बहुधा पाच वर्ग शिकवावे लागतात. प्रयोगशाळा तुटपुंजी, विद्यार्थी कामाने थकलेले. संशोधनाच्या नादात कच्च्या विद्यार्थ्यांकडे दुर्लक्ष झाले तर? म्हणूनच तेथील शिक्षकांनी वेगळी वाट काढली. निवडक हुशार मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत प्रयोगशाळेत बोलावण्याऐवजी त्यांनी संशोधन नेहमीच्या तासातच आणले. सुटीत ज्याला पोटासाठी काम करावे लागते, तोही मग वंचित राहत नाही. न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्स कम्युनिटी कॉलेजातून सुरू झालेला असा एक उपक्रम राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या साहाय्याने इतर राज्यांतील अनेक कॉलेजांत पोहोचला. अध्यापनाचा वेळ न चोरता अध्यापनाचीच रीत बदलणे, हे त्याचे सूत्र.

कम्युनिटी कॉलेज आपल्याला अगदीच परके नाही. १९९० च्या दशकात पाँडिचेरी विद्यापीठाने आणि पाठोपाठ मद्रास-मैलापूरच्या महाधर्मप्रांताने अशी कॉलेजे काढली; पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही योजना आखली. शिक्षणाबाहेर फेकल्या गेलेल्या तरुणांच्या हाती कौशल्य द्यावे, हा त्यांचा हेतू स्तुत्य आहे. मात्र हाताला काम देताना मनाला प्रश्न द्यावा की नाही, याचा विचार आपल्याकडे अद्याप पुरेसा झालेला नाही. आपल्या साध्या महाविद्यालयांतही प्रयोग म्हणजे ठरलेले उत्तर येईपर्यंत करायची क्रिया आणि जर्नल म्हणजे गेल्या वर्षीच्या जर्नलची नक्कल, असे चित्र पुष्कळदा दिसते.

वाचकहो, आपल्या वसईत प्रश्नांची वाण नाही. किती बावखले बुजली आणि किती उरली? कोणत्या आळीतील विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात खारट होते? सुकेळी करताना वापरली जाणारी सामवेदी बोलीतील कोणती क्रियापदे आज फक्त साठीपुढच्या बायकांच्या तोंडी उरली आहेत? यांची उत्तरे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. ती मिळवण्यास थोरल्या विद्यापीठाचे ओळखपत्र लागत नाही. वही, बाटली, चिकाटी आणि मार्ग दाखवणारा एक प्रामाणिक शिक्षक लागतो.

असा शिक्षक वर्गात उभा राहून म्हणतो, “याचे उत्तर मलाही ठाऊक नाही, चला, पाहू.” त्या क्षणी शेवटच्या बाकावरील मुलगा व गुरुजी एकाच उंबरठ्यावर येतात. ज्या कॉलेजात हे वाक्य ऐकू येते तेथे आपले मूल शिकत असेल, तर आईबापांनी कॉलेजचे नाव मोकळ्या आवाजात सांगावे, एवढेच आमचे मागणे आहे.