पावती फाडता येत नाही अशी तंबाखू

महिनाअखेर आली की आमच्या जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षात सगळे तक्त्याला जुंपले जातात. किती शाळांत कार्यक्रम झाले, किती प्रशिक्षणं, कलम ४ खाली किती पावत्या, दंड किती जमा, किती जणांचं समुपदेशन. जिल्ह्याचे आकडे राज्याकडे जातात, राज्याचे केंद्राकडे. खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र वेगळंच. ते रखडलं की पुढचा निधीही रखडतो. याबद्दल माझी तक्रार नाही. पैसा लोकांचा आहे, हिशेब द्यायलाच हवा.

माझं भांडण आहे ते रकान्यांशी.

आढावा बैठकीत साहेबांची नजर आधी जाते ती दंडाच्या आकड्यावर. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम ४ सार्वजनिक जागी धूम्रपान करण्याबद्दल आहे. दंड जास्तीत जास्त २०० रुपये. आता २०१६-१७ चं राष्ट्रीय सर्वेक्षण पाहा. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या लोकांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे, आणि चघळण्याची, लावण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे ज्या आकड्यावरून आमची पाठ थोपटली जाते, तो राज्यातल्या लहानशा गटाबद्दल बोलतो. तळहातावर चुना मळणाऱ्याला कलम ४ ची पावती फाडता येत नाही. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, पण अन्नसुरक्षा कायद्याखाली. साठा पकडला की श्रेय दुसऱ्या खात्याच्या कागदावर.

आणि मशेरी? ती तर घरातच, चुलीच्या बाजूला भाजली जाते. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की बाई ठामपणे नाही म्हणते, आणि तिच्या लेखी ते खरंच असतं. "मशेरी किती वेळा लावता?" असं विचारलं की उत्तर येतं, "सकाळी, जेवल्यावर, आणि झोपताना. नाही लावली तर पोट साफ होत नाही, ताई." छापील प्रश्नावलीला हा दुसरा प्रश्न सुचत नाही.

शाळांचं जरा बरं आहे. तंबाखूमुक्त शाळांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत नऊ निकष आहेत. त्यात आवारापासून १०० यार्डांत तंबाखूचं दुकान नसणं हा खरा कस लागणारा निकष. फलक, घोषवाक्यं एका दुपारीत होतात (फोटोसकट). टपरी हलवायला मात्र मुख्याध्यापक, पोलीस आणि ग्रामपंचायत असे तिघेही लागतात, आणि टपरीवाला बहुधा तिघांच्याही ओळखीचा असतो.

समुपदेशनाच्या रकान्यात पहिल्या भेटीला आणि चौथ्या भेटीला सारखंच वजन. त्यामुळे शिबिरात शंभर जणांना दोन मिनिटं उपदेश केला की महिना सजतो. एकाच बाईला सहा महिने फोन करत राहिलं तर तक्त्यात दिसतो फक्त एक. माझी मागणी मोठी नाही. तक्त्यात दोन रकाने वाढवा: तीन महिन्यांनी पुन्हा गाठलेले किती, आणि त्यांतले अजून सोडलेलेच किती. पहिल्या वर्षी आकडे लाजिरवाणे दिसतील. त्यासाठी कुणाचा निधी कापायचा नाही, एवढं मात्र आधीच लेखी द्या. नाहीतर तेही रकाने आम्ही छान भरून देऊ.