लोणारच्या उतारावर

जालन्याहून निघालेली एसटी मंठा मागे टाकून लोणारला पोचली, तेव्हा नुकतीच उन्हं पडली होती. बरोबर बारावीची सोळा मुलं. परिसंस्थेचा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले आहे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, मध्ये बाण. मुलं तो घोकतात, गुणही मिळवतात. पण शेताच्या बांधावर वाढलेली ही मुलं त्या बाणांत आपला बांध ओळखत नाहीत, याची मला फार खंत वाटते. म्हणून हा प्रवास.

काठावर उभं राहिलं की बोलणंच थांबतं. उल्का आदळून काळ्या बसाल्टमध्ये पडलेला हा खळगा जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि तळाशी हिरवं, निश्चल पाणी. आधी आम्ही धारेवर गेलो. बारमाही झरा, गोड पाणी. एका मुलीने त्यात पीएचची पट्टी बुडवली. रंग पिवळट हिरवा, म्हणजे सातच्या आसपास. तिने ती पट्टी वहीत जपून ठेवली.

मग वाटाड्यामागून उतरायला लागलो. उतार दीडएकशे मीटरचा, पण प्रत्येक टप्प्यावर सोबतीची झाडं बदलतात. वर साग आणि सीताफळ, वाळल्या पानांचा पायाखाली चुरचुराट, फांद्यांवर वानरं, कुठेतरी मोराची केका. खाली येऊ तसा साग मागे राहिला आणि बाभळी दाटल्या. त्याही पुढे काठाशी उघडी, पांढरट खार फुटलेली जमीन. "मॅडम, झाडं इथेच का थांबली?" एकाने विचारलं. मी उत्तर दिलं नाही, त्याला माती उचलायला सांगितलं. बोटांना ती बुळबुळीत लागली, साबणासारखी. वाढ अडवणारा तो मर्यादाकारक घटक, ही व्याख्या मी त्याच्याकडून कितीदा पाठ करून घेतली होती. त्या दिवशी ती त्याच्या बोटांना लागली.

काठाशी वास उग्र येतो, कुजक्या अंड्यासारखा. मुलांनी नाकाला रुमाल लावले. मी म्हटलं, लावा, पण वास ओळखून ठेवा. तळच्या गाळात प्राणवायू पोचत नाही, तिथे विघटक जिवाणू मेलेलं शेवाळ फोडत बसलेले असतात. पुस्तकातल्या आकृतीत विघटक कोपऱ्यात एका चौकटीत असतात. इथे ते सगळ्यांच्या आधी भेटतात.

दुसरी पट्टी तळ्यात बुडवली, ती गडद निळी झाली. दहाच्या घरात. सात आणि दहा यांत तीनच अंक, पण प्रत्येक अंक दहापटीचा. म्हणजे अल्कता हजारपट. पाणी या खळग्यात येतं, बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेतं, क्षार मागे ठेवतं. असल्या पाण्यात फार थोड्या जातींचा निभाव लागतो. पण ज्यांचा लागतो त्यांना रान मोकळं. ओंजळीतलं पाणी हिरवं दिसत होतं ते स्पिरुलिनासारख्या सूक्ष्म नीलहरित जिवांमुळे. कार्बोनेटने भरलेल्या या पाण्यात त्यांना कार्बनची ददात नाही. जाती मोजक्या, उत्पादन मात्र अफाट. विविधता आणि उत्पादकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं उघडं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

२०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि क्षारप्रेमी हॅलोआर्किया फोफावले. त्यांच्या रंगद्रव्याने तळं रंगलं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. पावसाने खारटपणा उतरला, तसा रंगही ओसरला. एक अजैविक घटक थोडा सरकला आणि सबंध तळ्याचा कारभार दुसऱ्याच्या हाती गेला.

उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे चोच मारत फिरत होते. मुलं खडकावर बसून अन्नजाळं काढू लागली तेव्हा मी त्यांना परिसंस्थेचा अभ्यासक लिंडमन याच्याबद्दल सांगितलं. मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्यावर त्याने वर्षानुवर्षं काढली, ऊर्जा एका पातळीवरून दुसरीकडे जाताना किती गळते याचा हिशेब मांडला. तो हिशेब मांडणारा लेख १९४२ मध्ये छापून आला, त्याच्या काही महिने आधी, २६ व्या वर्षी तो गेला. तुमच्या पुस्तकातला दहा टक्क्यांचा नियम त्याच कामातून आला, म्हटल्यावर मुलं गप्प झाली. एक जण हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्या दादाएवढाच."

परतीच्या वाटेवर झऱ्याच्या ओहळात शाम्पूच्या पुड्या अडकलेल्या दिसल्या. ओहळ थेट तळ्यात उतरतो. इथून बाहेर जायला वाट नाही, हे मुलांनी तासाभरापूर्वीच समजून घेतलं होतं. कुणी काही न सांगता तिघं-चौघं खाली वाकले. वर पोचेपर्यंत डब्याची एक पिशवी भरली.

एसटीत त्या मुलीने वही उघडून दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या, एक पिवळट हिरवी, एक निळी. दोन्हींच्या मध्ये तिने उताराची रेघ ओढली, आणि रेघेवर वरून खाली लिहीत गेली: साग, सीताफळ, बाभूळ, खार, शेवाळ.