अकराव्या तासाचे मजूर

नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये मी लहानपणापासून द्राक्षमळ्याचा दाखला ऐकत आले. मळ्याचा धनी पहाटेपासून पुन्हा पुन्हा चौकात जाऊन मजूर आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असतानाही आणतो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच रोज ठेवतो. पाळकसाहेब त्यातून देवाच्या कृपेबद्दल सांगत. तो चौक मात्र मला दिसला बंगळूरच्या सर्जापूर रोडवर राहायला आल्यावर.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर मजूर नाका आहे. उजाडताच थापी, फावडी, घमेली घेऊन माणसे उभी राहतात. बहुतेक यादगीर, रायचूर, कलबुर्गीकडची. इब्बलूरपासून दोम्मसंद्रापर्यंतच्या उंच इमारती अशाच हातांनी उभ्या केल्या आहेत. मुकादम येतात, तरण्याताठ्यांना टेम्पोत बसवून नेतात. दहा वाजेपर्यंत मागे राहतात म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया. दाखल्यातले शेवटचे मजूरही आळशी नव्हते, त्यांना कोणी बोलावलेच नव्हते, हे मला तिथे उमगले.

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीच्या भेगा बुजवायच्या होत्या. मी नाक्यावर पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. भालकीकडचे एक वयस्क जोडपे बसून होते. बिदर जिल्ह्यातला तो भाग सीमेलगतचा, त्यामुळे दोघेही मराठी बोलत होते. मावशी म्हणाल्या, "ताई, उशीर झालाय, अर्धा रोज द्या, चालंल."

मी दोघांचा पूर्ण रोज ठरवला. दोघांनी मन लावून भेगा खरवडल्या आणि सिमेंट भरले. तीनच्या सुमारास पाऊस आला आणि काम थांबले. मी ठरलेले पैसे दोघांच्या हातात वेगवेगळे दिले. मामा नोटा परत करू लागले. म्हणाले, "काम कुठं पुरं झालं?" मी म्हटले, "मामा, पाऊस तुम्ही आणला नाही. आणि रात्री चूल पेटवायची ती अर्ध्या दिवसाची नसते." दुसऱ्या दिवशी दोघे न बोलावता आले आणि राहिलेले काम करून गेले.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही रेट बिघडवता." द्राक्षमळ्याच्या धन्यालाही सकाळच्या मजुरांनी असेच सुनावले होते. त्या दिवसापासून मी किरकोळ कामासाठी मुद्दाम दहानंतर नाक्यावर जाते. मजुरी आधी ठरवते, सुटे पैसे घरात ठेवते आणि त्याच दिवशी हिशेब चुकता करते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, हे मोशेच्या नियमशास्त्रात आहे. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते, असा याकोबाच्या पत्राचा इशारा आहे. इतक्या स्पष्ट आज्ञेला मोठे व्याख्यान लागत नाही.

मजुरीपलीकडेही काम आहे. १९९६च्या केंद्रीय कायद्याने बांधकाम मजुरांसाठी कल्याण मंडळाची तरतूद केली. नोंदणीसाठी वय १८ ते ६० हवे आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेले असावे लागते. रोज नवा मालक असलेल्या माणसाला त्या दिवसांचा दाखला कोण देणार? आमच्या घरगुती प्रार्थनेला येणारी तरुण मुले आता नाक्यावर बसून अर्ज भरून देतात, आणि ज्यांच्या घरी काम झाले त्यांच्याकडून सह्या आणतात. मावशींचा अर्ज भरला. मामा साठीपलीकडचे, त्यांना त्या नोंदणीत जागा नाही. म्हणून त्यांना झेपेल असे काम आम्ही आपसांत विचारून शोधतो.

अशा वेळी पंडिता रमाबाईंचे केडगाव आठवते. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली आणि विधवा मुक्ती सदनात आणल्या आणि अन्नाबरोबर त्यांच्या हाताला कामही दिले. पुढे रमाबाईंनी भाषांतरित केलेले बायबल तिथल्याच छापखान्यात बायकांनी छापले. आमचे काम त्यापुढे फार लहान आहे, पण वाट तीच आहे.

प्रभुभोजन घेण्याआधी स्वतःला पारखावे, अशी आमच्या मंडळीची शिकवण आहे. त्या पारखण्यात आता माझा पहिला प्रश्न असतो, कोणाच्या घामाचे पैसे माझ्याकडे राहिले आहेत का? राहिले असतील तर आधी ते देऊन यायचे, मग भाकरीला हात लावायचा. रस्त्यावरच्या मजुराला माझा विश्वास कळायचा तो अशाच व्यवहारातून कळेल.