जुना वॉकमन घ्यावा का?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मामेबहिणीने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. मामूंच्या इंतकालला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचं कपाट आवरताना सगळ्यात खाली हा डबा सापडला. आत अकरा कॅसेट्स होत्या. प्रत्येकीवर मामूंच्या अक्षरात, उर्दूत, तारीख आणि एकच शब्द लिहिलेला होता, "आपा". आपा म्हणजे माझी अम्मी.

आमच्या घरात अम्मीचे फोटो भरपूर आहेत, पण तिचा आवाज नाही. ती २००९ मध्ये गेली. तेव्हा घरात मोबाइल होता, पण तो बोलण्यासाठी होता. तिचा आवाज साठवून ठेवावा असं आम्हा भावंडांपैकी कुणालाच सुचलं नाही. त्यामुळे तो डबा मांडीवर घेतला आणि पुढचा प्रश्न समोर आला. या ऐकायच्या कशावर?

तरुण वाचकांसाठी थोडं सांगते. मामू १९८४ मध्ये जिद्द्याला गेले. तेव्हा परदेशी फोन लावणं म्हणजे महिन्याचं किराणा सामान फोनवर उडवण्यासारखं होतं. पत्रं जायची, पण अम्मीला लिहायचा सराव नव्हता. कुरआन ती झरझर वाचायची, पत्र लिहायला बसली की मात्र चार ओळींत दमायची. मग कोकणात, कोल्हापुरात, जिथून जिथून माणसं आखाती देशांत गेली त्या अनेक घरांनी जो मार्ग काढला, तोच आम्हीही काढला. कॅसेटवर बोलायचं आणि सुट्टीवरून परत जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या बॅगेत ती कॅसेट द्यायची. मामू एका बाजूला बोलायचे, अम्मी दुसऱ्या बाजूला उत्तर भरायची आणि कॅसेट परत जिद्द्याला जायची. म्हणून त्या सगळ्या मामूंच्या कपाटात राहिल्या.

अम्मी कशी बोलायची ते मला आठवतं. मामूंनीच पाठवलेल्या टू-इन-वनवर भरतकामाचं कापड झाकलेलं असायचं. ते काढून, डोक्यावर पदर घेऊन ती त्याच्यासमोर बसायची आणि जिद्द्यापर्यंत थेट ऐकू जावं अशा बेताने मोठ्याने सलाम करायची.

आता मुद्द्यावर येते. जुनं, खिशात मावणारं गाण्याचं यंत्र विकत घ्यावं का? गेले काही महिने मी या प्रश्नात गळ्यापर्यंत होते, म्हणून जे कळलं ते लिहून ठेवते.

माझ्या भाच्याने पहिला सल्ला दिला, "खालाजान, जुना आयपॉड घ्या." कॅसेटला त्याचा उपयोग नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. पण त्याचं म्हणणं मी ऐकून घेतलं, कारण वर्गात उर्दू उच्चार ऐकवायला मला असं काहीतरी हवंच होतं. 'क़ाफ' आणि 'काफ' यांतला फरक फळ्यावर लिहून कळत नाही, तो कानानेच कळतो. मोबाइलवर ऐकवायला गेलं की मध्येच मेसेज वाजतो, जाहिरात येते आणि वर्ग हसतो.

आयपॉड पहिल्यांदा २००१ मध्ये आला. त्याचं 'क्लासिक' मॉडेल २०१४ मध्ये बंद झालं आणि २०२२ मध्ये आयपॉड हा प्रकारच संपला. म्हणजे आज मिळेल तो वापरलेलाच किंवा कुठेतरी पडून राहिलेला. त्याची चांगली बाजू अशी की त्यात हजारो गाणी मावतात, इंटरनेट लागत नाही, साधा इयरफोन चालतो आणि ऐकताना दुसरं काहीही डोळ्यांसमोर येत नाही. वाईट बाजू अशी की बॅटरी म्हातारी झालेली असते आणि ती बदलायला यंत्र उघडावं लागतं. क्लासिकच्या आत फिरणारी हार्ड डिस्क असते, ती धक्क्याने जाते. चार्जिंगची वायर जुन्या रुंद तोंडाची, आणि गाणी भरायला संगणक हवाच. ज्याला शांतपणे ऐकायचं आहे आणि ज्याच्या घरात थोडी खटपट करणारा पोरगा आहे, त्याने जरूर घ्यावा. फक्त जुन्या आठवणींची गाणी हवी असतील तर तेवढाही खटाटोप नको. रेडिओसारखा दिसणारा 'कारवां' २०१७ पासून मिळतो, त्यात पाच हजार गाणी भरलेलीच असतात.

माझं काम मात्र कॅसेटचं होतं. फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ मध्ये. सोनीने वॉकमन आणला १९७९ मध्ये, आणि पुढे आपण सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना वॉकमन म्हणू लागलो. जपानमध्ये सोनीने कॅसेटचा वॉकमन २०१० मध्ये बंद केला. म्हणजे चांगला वॉकमन हवा तर तो जुनाच घ्यावा लागतो. नवीन, हलके कॅसेट प्लेअर मिळतात, यूएसबीवालेही मिळतात. मी एक मागवून पाहिला. त्यात आवाज पाण्यातल्या सावलीसारखा डगमगत होता. परत केला.

मग लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात गेले. जमिनीवर चार्जर, रिमोट, घड्याळं मांडून बसलेल्या एका माणसाकडे वॉकमन होता. त्याने सेल घालून दाखवला, चक्रं फिरली, मी पाचशे रुपये दिले. घरी आले, वुजू करून बसले. कशाला ते विचारू नका, तसं वाटलं. पहिली कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

आवाज आला तो अम्मीचा नव्हता. जाड, ओढलेला, कुणा आजारी पुरुषाचा वाटावा असा. शब्द ओळखीचे होते, "बाबू, इधर सब खैरियत है. बारिश लई है." पण बोलणारी बाई अनोळखी होती. मी चटकन बंद केलं. त्या रात्री मला भीती वाटली ती वेगळीच. सोळा वर्षांत मीच तिचा आवाज विसरले असेन तर? तो असाच असेल तर? धाकट्या भावाला फोनवर ऐकवलं. तो गप्प राहिला आणि म्हणाला, "बाजी, ही अम्मी नाही."

उत्तर दिलं शाहूपुरीतल्या एका जुन्या रेडिओ मिस्त्रींनी. त्यांनी झाकण उघडून दाखवलं. मोटरवरून चक्राकडे जाणारा रबरी पट्टा सैल पडला होता. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकली पाहिजे. वेग कमी झाला की आवाज जाड होतो, वाढला की चिमणीसारखा बारीक होतो. मिस्त्री म्हणाले, "आवाज फितीत शाबूत आहे, ताई. बिघाड यंत्रात आहे." इतकं दिलासा देणारं वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्यांनी पट्टा बदलला. हेडवर साचलेली तपकिरी भुकटी अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसली. मग एक सिनेमाच्या गाण्यांची कंपनीची कॅसेट लावली, तेच गाणं माझ्या मोबाइलवर लावायला सांगितलं आणि दोन्ही सुरू ठेवून मोटरजवळचा बारीक स्क्रू फिरवत राहिले. दोन्ही गाणी एका सुरात आली तेव्हा थांबले. तीनशे रुपये घेतले.

तुम्ही जुना वॉकमन घेणार असाल तर चार गोष्टी बघा. नुसती चक्रं फिरतात यावर विश्वास ठेवू नका, ओळखीच्या गाण्याची कॅसेट सोबत न्या. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुरशी असेल तर सोडून द्या. फीत दाबून धरणारं रबरी चाक कडक, चकचकीत झालं असेल तर ते फीत खाऊ शकतं. आणि जपून ठेवलेली कॅसेट पहिल्यांदा कधीच घालू नका, आधी टाकाऊ कॅसेट चालवून बघा. मी हे शेवटचं केलं नव्हतं. माझं नशीब चांगलं.

कॅसेटचंही थोडं बघावं लागतं. आपल्याकडचा पावसाळा फितीला मानवत नाही, पांढरी बुरशी धरते. आतल्या छोट्या स्प्रिंगवरचं लोकरीचं बोंडूक गळून पडलं असेल तर आवाज दबतो. सी-६० टिकतात, सी-९० ची फीत पातळ असते, ती ओढली जाते. माझ्या अकरांपैकी नऊ नीट चालल्या. एकीचं कवच बदलावं लागलं. एक चिकटली होती, ती अजून तशीच आहे.

वॉकमनच्या इयरफोनच्या भोकातून वायर काढून ती संगणकाला जोडली की 'ऑडॅसिटी' या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आवाज साठवता येतो. तासाची कॅसेट साठवायला तासच लागतो. घाई चालत नाही. रोज इशाच्या नमाजनंतर मी एक बाजू लावायची.

आणि तिथेच ती कॅसेट आली, जिची मला धास्ती होती.

साल १९९० असेल, मी दहा वर्षांची. अम्मीने उत्तर भरून ठेवलेली कॅसेट जिद्द्याला जाणाऱ्या माणसाची वाट बघत टेबलावर पडून होती. कुणी पुसू नये म्हणून अब्बांनी तिच्या वरचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा मोडला होता. मला 'मैंने प्यार किया'ची गाणी रेडिओवरून भरायची होती आणि कोरी कॅसेट नव्हती. त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला की कॅसेट पुन्हा भरता येते हे मला शाळेत कळलं होतं. मी तेच केलं. दहा मिनिटांनी घाबरून थांबले, बोळा काढून टाकला आणि कुणालाही काही सांगितलं नाही. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

त्या कॅसेटची दुसरी बाजू लावली. गाणं, निवेदकाचा आवाज, पुन्हा गाणं, मग खट्ट, आणि वाक्याच्या मध्यातून अम्मी, "...तू बाहर का तेलकट नक्को खा." आवाज तिचाच. आधीची दहा मिनिटं मी खाल्ली होती.

पुढची कॅसेट त्यानंतर पाच महिन्यांची. मामूंची बाजू लावली. मामू म्हणत होते, "आपा, गाने अच्छे थे. लेकिन छोकरी को बोलो, गाने अलग कॅसेट पर भेज. गाने इधर दुकान में मिलते, आपा का आवाज नहीं मिलता."

म्हणजे अम्मीला कळलं होतं. तिने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. मी कॅसेट उलटवली. अम्मी सलाम करून म्हणाली, "बच्ची है, गुस्सा नक्को हो. मैं फिर से बोलती." आणि तिने आठवून आठवून पुन्हा सांगायला घेतलं. पंचगंगेचं पाणी, कुणाचं लग्न, गुळाचा भाव, माझा परीक्षेतला नंबर. मग थोडं थांबून म्हणाली, "बाकी का याद नहीं रे बाबू."

कोल्हापुरात राहून मला खाँसाहेब अल्लादिया खाँ आठवल्याशिवाय राहत नाहीत. शाहू महाराजांच्या दरबारातला एवढा मोठा गवई, जयपूर-अत्रौली घराणं ज्यांनी उभं केलं, ते १९४६ मध्ये गेले. त्यांनी आपलं गाणं ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही. त्यांची गायकी आपण केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या आवाजात ऐकतो. त्यांचा आवाज मात्र गेला. त्यांच्या मागे शिष्य होते. आपल्या अम्मी-अब्बांच्या मागे बिस्किटाचा डबाच असतो, तोही कुणीतरी भंगारात दिला नाही तर.

म्हणून माझं मत असं झालं आहे. शोभेसाठी जुना वॉकमन घेऊ नका, तो सेल खाईल आणि तुमचा रविवारही खाईल. गाणी ऐकायला तर मुळीच नको, ती मोबाइलवर अधिक स्वच्छ ऐकू येतात. पण ज्याच्या घरात हाताने भरलेल्या कॅसेट्स आहेत त्याने जरूर घ्यावा, दुरुस्त करून घ्यावा, आणि येत्या पावसाळ्याच्या आत घ्यावा. ते आवाज दुसऱ्या कुठल्याच यंत्रात नाहीत. काम झालं की तो पुढे द्यावा.

माझा वॉकमन सध्या माझ्याकडे नाही. शाळेतल्या एका सहकारी बाईंचे वडील कुवेतला होते. त्यांच्या माळ्यावर सहा कॅसेट्स निघाल्या आहेत. वॉकमन, वायर आणि फीत गुंडाळायला एक पेन्सिल असं सगळं मी त्यांना पिशवीत घालून दिलं आहे. चिकटलेली ती अकरावी कॅसेट मिस्त्रींकडे आहे. ते म्हणालेत, "बघू, इन्शाअल्लाह."